गोकुळच्या दोरीचा जोड

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५, जळोची

सगळी दोरी पाण्यावर तरंगते आणि मधली एकच वीत बुडते — असे का?

गोकुळची गळाची दोरी बादलीत सोडून पाहिली. तिच्यावरच्या प्लास्टिकच्या लेपात हवेचे सूक्ष्म बुडबुडे असतात, म्हणून ती तरंगते. नऊ मीटरवर मी पूर्वी दोऱ्याने बांधलेला जोड आहे. तिथे लेप तडकला, आतली वीण पाणी प्यायली. जड झाली, बुडाली!

काचबिंदूने माझ्या या धाकट्या भावाची नजर जवळजवळ गेली आहे. रविवारी पळसदेवला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, त्याला कुणाचा हात न धरता गळ टाकायचा आहे. तोवर दोरी दुरुस्त करणारच.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

जुना जोड कापला. लेप मऊ करायला सुनेकडून, निकिताकडून, नेलपॉलिश काढायचे द्रावण मागितले. ‘बाबा, नखं रंगवली होती की काय?’ म्हणाली. लेप मात्र सुरेख निघाला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दोन्ही टोकांची वीण सुईने विंचरून एकमेकींत बसवली, वर बारीक दोरा गुंडाळला. त्यावर वायरमनची आकसणारी नळी चढवून गरम हवा दिली, की लेप वितळून एकजीव होतो. दोनदा करपला. तिसऱ्यांदा जमला! नळी सोलली, जोड बोटाला लागतसुद्धा नाही. पाच किलोंची पिशवी टांगली — सुटला नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

पळसदेव. दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत तरंगली. पण गोकुळने तीनदा गळ टाकला आणि तिन्ही वेळा तो समोरच्या बुडालेल्या बाभळीत अडकला. पूर्वी असे कधी होत नसे. मी सोडवायला धावलो, तेच त्याला लागले. चौथ्यांदा टाकलाच नाही. दोरी बोटांतून पुन्हापुन्हा ओढत राहिला. परतताना गाडीत म्हणाला, पुढच्या रविवारी तूच जा.

चूक कुठे आहे, ते शोधणार.

सोमवार, १० फेब्रुवारी

सकाळी त्याचा फोन. ‘दादा, जोड कुठं गेला? ती गाठ बोटाखालनं गेली की मी थांबायचो. पुढं बाभळ हाय.’

त्याच जागी दोऱ्याचे जाड वेढे दिले, वर पाणी आत न जाऊ देणारा लवचिक डिंक. वाळल्यावर डोळे मिटले आणि दोरी दोन बोटांतून सोडली. दहा वेळा. दहाही वेळा बोटे तिथेच थांबली.