ड्राइव्हचं उरलेलं आयुष्य

३ जून २०१९, लातूर

मुदखेडहून आलो आणि आल्याआल्या एसीची खोली मिळाली! शिवमूर्ती सरांच्या कोचिंग क्लासमध्ये नोकरी, कॅमेऱ्यांच्या खोलीत. आई पोहोचवायला आली होती, वैजनाथा जपून राहा म्हणत दुपारच्या गाडीनं परत गेली. पहिलं काम, रेकॉर्डिंगची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे नवी चिपवाली डिस्क, बसवणं. हार्ड डिस्क म्हाताऱ्या माणसासारखी, मरायच्या आधी महिनाभर कण्हते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, आपटली तरी हूं की चूं नाही. मात्र लिहिण्या-पुसण्याला मोजकं आयुष्य, तेही स्क्रीनवर दिसतं. आज शंभर टक्के.

६ जून

फाटकाशी किल्लारीच्या केवळाबाई रोज येऊन बसतात. त्यांची लेक आरती गेल्या महिन्यात इथल्या होस्टेलवर तापानं गेली. क्लासची टेस्ट होईपर्यंत तिला घरी सोडलं नाही. जुन्या डिस्कवरच्या फाटकाच्या रेकॉर्डिंगमध्ये ती तीन तास वॉचमनला विनवतेय. केवळाबाई म्हणाल्या, भूकंपात मायबाप गेले, फोटू बी न्हाई राहिला, त्यांचे चेहरे इसरले मी. लेकीचा तरी एकडाव बघू द्या. सर म्हणाले, पुसून टाक, तुला पर्मनंट करतो. पुसलं. ती जुनी डिस्क हातोड्यानं फोडली आणि बाईंना सांगितलं, खराब झाली होती. वाईट वाटलं, पण नोकरी ती नोकरी.

७ जून

नव्या एसएसडीवर आरती आहे. मी कॉपी केलीच नव्हती! पुसली. आयुष्य एकदम ऐंशी टक्के. कंपनीनं चांगलाच चुना लावलाय. जेवताना गंमत झाली, आमच्या घराचं दार कुठल्या रंगाचं ते काही केल्या आठवेना.

१० जून

परत ती. आता वॉचमनकडे नाही, कॅमेऱ्याकडे बघून हात जोडते. पुसलं. पंचेचाळीस टक्के. फॉर्मवर वडिलांचं नाव लिहायचं होतं, आधार कार्ड काढून बघावं लागलं. आईचा फोन आला. कोण बोलतंय, असं विचारलं मी.

१२ जून

कळलं. तिला पुसलं की माझं काहीतरी जातं. आवाज न करता. हार्ड डिस्क निदान कण्हते तरी —

केवळाबाईंना दाखवलं की सुटेन. पण पर्मनंटची ऑर्डर शनिवारी निघणार. एकदाच अजून. पुसलं.

बारा टक्के.

१५ जून

फार भीती वाटते. आता पुसणार नाही. बाईंना आत बोलावतो — सर आले. ऑर्डर घेऊन मागं उभे राहिले. आरती ओरडत होती, आवाज नव्हता — पुसलं —

एक टक्का

तारीख —

टेबलावर ऑर्डर आहे. वैजनाथ कोण?

फाटकाशी दोन बाया. एक म्हणते लेकीचा चेहरा दाखवा. कुठली लेक. दुसरी मुदखेडहून आली म्हणे. माझा हात सोडत नाही. रडते. म्हणते ओळख रे मला —

मी म्हणालो, बाई, तुम्हाला कोण पाहि