पहिल्या चौकोनावर शिक्का नाही

१४ नोव्हें., शुक्र.
भात झोडून झालं, घरात आलं. एक काळजी मिटली.
संध्याकाळी मनीषाचा मुरबाडहून फोन. "आप्पा, तुमचे पासपोर्ट उगाच नाय काढून घेतले. डिसेंबरात थायलंडला जायचंय. तुमी, आई, मी नि हे. तिकिटं झाली." विचारायची पद्धत नाही, नुसतं कळवायचं. लेक माझीच आहे.
"हे" म्हणजे जावई. (पुढे नुसतं जा. लिहितो, बोटं आखडतात.) चार वर्षं झाली, जा. आमच्याकडे एक रात्र राहिलेला नाही. येतो, ओट्यावर बसतो, पाणी पितो, "निघतो, सेकंड शिफ्ट आहे" म्हणतो. रविवारीसुद्धा सेकंड शिफ्ट. कारण सगळ्या गोतावळ्याला ठाऊक आहे. दिवाळसणाला आला तेव्हा त्याने माझ्या मोटरसायकलची किल्ली मागितली, धरण बघून येतो म्हणाला. मी म्हटलं, "लायसन्स दाखवा, मग किल्ली." त्याच्याकडे नव्हतं. नवा जावई, अंगावर आम्ही घेतलेला नवा शर्ट, आणि चौदा माणसं बघतायत. कोणीतरी हसलंही. तो तसाच उठला आणि रिक्षाने गेला.
मी बरोबर होतो. तेव्हाही वहीत तेच लिहिलं होतं. एकतीस वर्षं एसटीची लाल गाडी चालवली, शहापूर-किन्हवली-मुरबाड, कधी डोळखांब, कधी कसारा. दंडाची एक पावती नाही, एक शेरा नाही. बिनलायसन्सच्या माणसाला किल्ली देणं माझ्या हातून व्हायचं नाही.
सौ. म्हणते, "चार दिवस तोंड बंद ठेवा, बास." बघू.

१९ नोव्हें.
तिकडे भाड्याने स्कूटर मिळते, पण आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. मनीषाने (हीपण पुढे नुसती म.) माझा नि जा.चा अर्ज एजंटाकडे दिला. एजंटाचा फोन, "काका, टू-व्हीलर हाय ना लायसन्सवर?" म्हटलं, "हेवी आहे रे बाबा, बसचं. हेवीत सगळं आलं." तो "बरं" म्हणाला. हेवीवाल्याला असले प्रश्न विचारतात म्हणजे कमाल आहे.

२७ नोव्हें.
परवाना आला. करड्या रंगाची छोटी वही, आत गोल शिक्के. फोटो बघितला, पाकीटमार दिसतो. मिटून पिशवीत ठेवली.

२ डिसें., मंगळ.
पोचलो. विमान उतरताना जरा आदळलं, वेग जास्त होता. बोललो नाही, सौ.ची अट.
जा.ने खिडकीची जागा सासूला दिली. माझ्याशी दिवसभरात दोन वाक्यं. "आप्पा, बॅग द्या." आणि "आप्पा, पाणी?" वागण्यात खोट काढायला जागा नाही, तेच जड जातं.

३ डिसें.
बेटावर आहोत. नारळ, समुद्र, गोरी माणसं उघडी. दोन स्कूटरी घेतल्या. दुकानदारीण पासपोर्ट ठेवून घ्यायला बघत होती. मी पिशवी छातीशी धरली. मग अनामत रक्कम घेऊन सोडलं.
इथे गाड्या डावीकडून चालतात. केवढं हायसं वाटलं. सौ. मागे, मी पुढे, समुद्राच्या कडेने तास दीड तास. माझ्या पुढे जा. नि म. जा. वळताना आधी आरसा बघतो, मग सिग्नल, मग वळतो. कोणी शिकवलं कुणास ठाऊक. सौ. मागून गुणगुणत होती. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, तिला गुणगुणताना गाडीवर पहिल्यांदाच ऐकलं.

४ डिसें., गुरु.
आज धरलं.
सकाळी साडेदहाचा सुमार. डोंगराकडून खाली येताना वळणावर नाकाबंदी. तपकिरी गणवेश, मोठी छत्री, घडीचं टेबल. पोलीस तरुण होता. हात दाखवला तो मात्र नीट, खांद्यापासून सरळ. आपल्याकडे बोटं हलवतात.
आधी जा.ची परवान्याची वही बघितली. मान हलवली, परत दिली. मग माझी. पान उलटलं, परत उलटलं. मग वही माझ्याकडे फिरवून बोट ठेवलं. एकाखाली एक चौकोन आहेत, ए, बी, सी, डी. बी वर शिक्का, सी वर शिक्का, डी वर शिक्का. ए कोरा. ए म्हणजे मोटरसायकल.
मला वाटलं छापायचं राहिलं. म्हटलं, "बस. बिग बस. थर्टी वन इयर." त्याने दोन्ही हात पसरून मोठं स्टिअरिंग फिरवून दाखवलं, हसला. "बस ओके." मग माझ्या स्कूटरकडे बोट. "धिस, नो."
मग कळलं. क्लीनर होतो, तिथून हलक्या गाडीचं काढलं, मग हेवी, मग प्रवासी गाडीचा बॅज. मोटरसायकल नंतर घेतली, म. दुसरीत असताना. तिच्यासाठी वेगळं काढायला हवं होतं. काढलंच नाही. हेवीत सगळं आलं असं धरून चाललो आणि घरासमोरच्या रस्त्यावर कोणी कधी विचारलं नाही. आमच्या नाक्यावरचे पोलीस मला बघून सलाम ठोकतात.
पहिला विचार तुरुंग. दुसरा पासपोर्ट. तिसरा, जा. मागे उभा आहे.
आता बोलेल म्हणून वाट बघितली. हक्क होता त्याचा. चार वर्षं साठवलेलं होतं, आणि इतकी आयती संधी माणसाला जन्मात एकदा येते. मी त्याच्या जागी असतो तर बोललोच असतो. कान तापले होते, मान खाली घालून स्कूटरचं चाक बघत होतो.
जा. पुढे आला. टेबलावरून माझी वही उचलली, मिटली, माझ्या हातात दिली. "आप्पा, टोपी घाला. ऊन लागतंय. मी बोलतो त्यांच्याशी."
एवढंच.
दंड झाला. पावती, सही, अंगठ्याएवढा लाल शिक्का. कोठडी नाही, पासपोर्टला हात नाही, आवाज चढवणं नाही. हुश्श झालं, खोटं का लिहू. तिथे आणखी आठ-दहा जण रांगेत, एक गोरा हुज्जत घालत होता, त्याचा दंड बहुतेक वाढला.
आता पंचाईत अशी की स्कूटर मला पुढे नेता येईना. म.कडे आपल्याकडचं लायसन्स आहे, आंतरराष्ट्रीय परवाना नाही. दुकानदारिणीला फोन केला, ती माणूस पाठवते म्हणाली. मग जा.ने आधी सौ.ला हॉटेलवर सोडलं, परत आला, म.ला सोडलं, परत आला. तोवर मी पोलिसाच्या छत्रीखाली प्लास्टिकच्या स्टुलावर. त्याने गोड थंड चहा दिला. एकेक गाडी अडवायचा, वह्या बघायचा, आणि मला उगाच वाटायचं की आपण दोघं ड्युटीवर आहोत.
जा. तिसऱ्या फेरीला आला. "बसा, आप्पा."
मागे बसायची सवय नाही. दर वळणाला माझाच पाय ब्रेक शोधत होता.

४ डिसें., दुपार (वरचं लिहून जेवून आलो)
सौ. जेवताना बोलली, "म्हंजे इतकी वर्सं मी बिनलायसन्सवाल्याच्या मागं बसले." म.ला हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी. मग मीही हसलो. जा. ताटात बघत होता, पण खांदे हलत होते.

५ डिसें.
झोप बरी लागली. सकाळी एकटाच बसलो होतो तेव्हा डोळखांबचं वळण आठवलं. सहा वर्षांपूर्वी वाळूवरून घसरलो, सौ. मागे. तिचं कोपर सोललं, बाकी काही नाही. समोरून दुसरी गाडी असती, कोणाला लागलं असतं, तर कागद मागितले असते. मग माझी एकतीस वर्षं, बॅज, निवृत्तीचा नारळ, सगळं एका कागदापायी आडवं. तसं झालं नाही. देवाची कृपा म्हणायची, आणखी काय. मग खूप हलकं वाटलं.
इतकी वर्षं मला दंड झाला नाही म्हणजे मी चुकलो नाही, असं नव्हे. मला कोणी विचारलंच नव्हतं. जा.ला मी विचारलं होतं.
दुपारी बाजारात जायचं होतं, जा.च्या मागेच बसलो. मागून माणसाचं तोंड दिसत नाही, ते बरं. हेल्मेटला म्हटलं, "दिवाळसणाला चारचौघांत बोललो ते चुकलं माझं. एकटं घेऊन सांगायला हवं होतं." स्कूटर त्याच वेगात चालली. वाऱ्यात ऐकू गेलं नसेल. दुसऱ्यांदा बोलायची माझी हिंमत नव्हती. बाजारात त्याने सासूसाठी टोपी घेतली, भाव केला, सगळं नेहमीसारखं. हॉटेलवर गाडी लावून हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "ऐकला मी, आप्पा."
हेल्मेट आरशाला अडकवून म्हणाला, "त्या दिवाळीनंतर आठवड्यात लायसन्सला गेलो. दोनदा नापास. डोक्यात तुमीच होता, गाडी काय नीट चालंना."
म्हटलं, "चांगली चालवता."
"हां. तिसऱ्यांदा तुमाला डोक्यातून काढला, मग जमला."

८ डिसें., सोम.
घरी. मोटरसायकलवर ताडपत्री टाकली. दूध डेअरीला चालत गेलो. शेजारी विचारतो, पेट्रोल महागलं का. म्हटलं, हो.

११ डिसें.
शहापूरला आरटीओचा कॅम्प असतो तिथे जाऊन आलो. दुचाकीचं शिकाऊ लायसन्स. रांगेत सगळी बारावीची पोरं, मधे मी. एकाने मला जागा देऊन विचारलं, "आजोबा, नातवासाठी आला का?" म्हटलं, माझ्यासाठी. पुढची दहा मिनिटं तो माझ्याशी आदराने बोलत होता, का ते कळलं नाही. महिना झाला की चाचणी.
गाडीला पुढे-मागे लाल एल चिकटवला. नाक्यावरचा हवालदार बघतच राहिला. "ड्रायव्हरसाहेब, ह्यो काय परकार?" खरं सांगितलं त्याला. तो आधी हसला, मग त्याने आपलं पाकीट काढून स्वतःचं लायसन्स उलटसुलट वाचलं. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

१३ डिसें., शनि.
शिकाऊ लायसन्सवर मागे कोणी बसवायचा तर लायसन्सवालाच लागतो, नियम आहे. सौ. नाही चालत. तिने परस्पर मुरबाडला फोन लावला. "प्रशांतराव, आमच्या शिकाऊ डायवरला मास्तर पायजे." मी आतून नको नको म्हणून हात करत होतो.
संध्याकाळी आला. तांदळाच्या भाकऱ्या, गावठी कोंबडी. जेवण झालं, आता शिफ्ट निघणार म्हणून मी त्याच्या चपला बघत होतो. तो सौ.ला म्हणाला, "आई, गोधडी हाय ना जास्तीची? सकाळी लवकर काढू गाडी, रस्ता रिकामा असतो."
सौ.ने चार गोधड्या काढल्या. एका माणसाला चार.

१४ डिसें., रवि.
किन्हवलीपर्यंत गेलो-आलो. प्रशांतराव मागे. "आप्पा, आरसा." "आप्पा, वळायच्या आधी सिग्नल, वळताना नाय." मला. एकतीस वर्षं. राग आला, खरंच आला. पुढच्या वळणाला आधी सिग्नल दिला. बसचं वळण वेगळं असतं, असं त्याला सांगितलं. "असंल," म्हणाला.

२८ डिसें., रवि.
गेल्या आठवड्यात म.पण आली होती. काल तो एकटाच आला. शनिवारी मुक्काम, रविवारी गाडी, दुपारी जेवून परत, असं आता ठरून गेल्यासारखं झालंय. सौ. गुरुवारीच वाल भिजत घालते. आज परतताना टपरीवर थांबलो. त्याने कारखान्यातलं सांगितलं, सुपरवायझर त्रास देतो, म.ला सांगितलेलं नाही. मला सांगितलं. मी त्याला माझ्या एका डेपो मॅनेजरची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ ऐकत होता.

११ जाने., रवि.
महिना पुरा झाला. शुक्रवारी चाचणी. आखलेल्या आठच्या आकड्यावरून गाडी फिरवायची, पाय जमिनीला टेकला की नापास, पुन्हा तारीख घ्यायची, तोवर पुन्हा रविवारचा सराव. आज शाळेच्या मैदानात चुन्याने आठ आखला. प्रशांतराव कडेला उभे, हातात काठी, अगदी साहेबासारखे. बारा फेऱ्या मारल्या. एकदाही टेकला नाही. "आप्पा, पास झालात तुमी," म्हणाले आणि काठी टाकून दिली.
खुश दिसले. मीपण खुश आहे. घरी येऊन जेवले, बॅग भरली. सौ.ने विचारलं, "पुढच्या शनवारी?" ते म्हणाले, "आता आप्पांना काय गरज? बघू, जमला तर." उंबऱ्यापाशी जरा घुटमळले. मी बॅग उचलून त्यांच्या हातात दिली. काय बोलणार, नुसतं राहायला या म्हणायचं? इतकी साधी गोष्ट, पण शब्द सापडेनात.

१५ जाने., गुरु.
उद्या अकरा वाजता चाचणी. कागद पिशवीत ठेवले, फोटो ठेवले, बूट पुसले. प्रशांतरावांचा फोन आला होता, "पाय वर ठेवा, आप्पा, बास." सौ.ने वाल भिजत घातलेत. म्हटलं, कशाला, ते कुठे येणार आहेत. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं.
आठ मला डोळे मिटून काढता येतो. उद्या पाय टेकवायचा की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.