जमनाच्या पदरातलं मीठ

झरी, ता. तलासरी
गुरुवार, ९ फेब्रुवारी २०१७

चि. मालूस,
दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. गुडघा दुखतो, विहिरीला पाणी आहे. तुझ्या चिकूंना फळ कसं आहे? पत्र शेजारच्या नविनच्या हाती डहाणूला पाठवतोय, त्याला चहा दे. दोनदा मागेल, एकदाच दे.

फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी ते निमित्त धरून विषय बदलतो. बावीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. दुसऱ्याची चूक मला लांबून दिसते. स्वतःची सांगायला कागद लागतो.

टोमॅटोचं सांगतो. तू बी दिलेल्या पाचही जाती लागल्या. पिवळ्याला मी पीतांबर म्हणतो, काळपटाला घनश्याम, मुठीएवढ्या मोठ्याला वृषभ. आपली तोडणीवाली जमना त्यांना पिवळा, काळा, मोठा म्हणते. "गुरजी, नाव मोठं ठेवलं म्हणून टमाटा गोड होतो काय?" यावर शास्त्रात उत्तर नाही.

तिची सवय तुला माहीत आहे. पदराच्या गाठीला मीठ बांधून आणते. तोडणीआधी प्रत्येक ओळीतला एक टोमॅटो झाडावरून तोडून, न धुता, मिठाला लावून खाते. गिऱ्हाइकं शेत बघायला आली की बिनविषारीचा दाखला म्हणून मी तिच्याकडे बोट दाखवायचो.

गेले तीन आठवडे तिनं मीठ आणलेलं नाही.

संक्रांतीआधी आभाळ आलं आणि करपा पडला. दशपर्णी अर्क फवारून झाला, ताक फवारून झालं. रोज सकाळी पानं आणखी काळी. घनश्यामचं सगळं बी तू मला दिलंस, स्वतःकडे चिमूटभरही ठेवलं नाहीस, हे पाणी देताना आठवायचं. थकलो होतो, मालू. एका सकाळी जमना यायच्या आत नविनचा पंप आणला आणि दुकानातलं रासायनिक औषध मारलं. सगळ्या शेतावर. एवढं एक वाक्य लिहायला मला तुझ्या चिकूंपासून सुरुवात करावी लागली.

जमना आली, बांधावरच थांबली.

"वास कसला, गुरजी?"

"गोमूत्राचा."

"गोमूत्र तर मीच भरते रोज."

आणि तण निंदायला बसली. पुढच्या तोडणीला मी विचारलं, मीठ विसरलीस?

"विसरली नाय."

झाडं वाचली, तेच वाईट झालं. मेली असती तर मी दुःखाचं पत्र लिहिलं असतं आणि तू धीर दिला असतास. त्याऐवजी तीन शनिवार मी ते टोमॅटो डहाणूला बिनविषारी म्हणून विकले. गेल्या शनिवारी नेहमीच्या गिऱ्हाईक हिनाबेननं एक तिथंच चावला. शेजारणीला म्हणाली, "सदानंदभाईचे टामेटा, धुवायला नको." मी पिशवी भरत राहिलो.

रविवारी आपला सेंद्रिय शेतीचा गट माझं शेत बघायला येणार. एकमेकांच्या शेताची हमी एकमेकांनी द्यायची, हा आपला नियम. माझ्या कागदावर सही तुझी. तू शेतात न उतरता, बांधावरूनच करशील. लहानपणी माझा गृहपाठही, झाला म्हटलं की, तू असाच खरा मानायचीस. पण उद्या हे उघड झालं तर माझ्याबरोबर तुझे चिकूही गटाबाहेर जातील.

सही करू नकोस. रविवारी मी सगळ्यांसमोर सांगेन. परवा डहाणूला जाईन, टोपलीशिवाय, आणि हिनाबेनपासून सुरुवात करीन. तुला मात्र आधी कळायला हवं होतं.

काल जमनाला सांगितलं. ती खुरपं पुसत म्हणाली, "माहीत होतं. तुमी कधी सांगता ते बघत होती." खुरपं बाजूला ठेवून विचारलं, "काळ्याचं बी धरायचं ना?"

म्हटलं, धरू.

"मग पुढच्या वरसाला आणीन मीठ."

खाली माझी सही आहे. तुझी तुझ्याकडेच राहू दे.

तुझा दादा,
सदानंद