डिस्कचा आवाज बरोबर होता

बाबा, तुमची ती हार्ड डिस्क माझ्याकडे आहे. तुम्ही ती दुकानातल्या भंगाराच्या खणात टाकली होती, जळक्या ट्रान्सफॉर्मरांच्या आणि तुटक्या की-बोर्डांच्या खाली. तुम्ही गेल्यावर दुकान रिकामं करताना मी ती उचलली, जुन्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये घातली आणि कोणाला सांगितलं नाही. मला लांबण लावायची सवय नाही, वर्गातही नव्हती. पण आज थोडं आधीपासून सांगते, कारण एकदम मुद्द्यावर आले तर मी पुन्हा अर्धंच सांगेन.

वर्ध्यात नालवाडीच्या रस्त्यावरचं ते दुकान आधी रेडिओचं, मग टीव्हीचं, आणि नव्वदीच्या मध्यावर कॉम्प्युटरचं झालं. तुम्ही नववीपर्यंत शिकलेले, मी गणितात एम.एस्सी. करून कॉलेजात लागलेली. आई गेल्यापासून रविवारचा डबा मी आणत असे, आणि तुमची बैठक रंगात आलेली असताना पोचत असे. बैठक म्हणजे तुम्ही तिघं. तुम्ही, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले काका, आणि ते कापडवाले, ज्यांनी कापडाच्या दुकानाचा पुढचा भाग रिकामा करून तिथे चार मशीनचं इंटरनेट पार्लर थाटलं होतं. तिघांनाही दम निघत नसे, म्हणून तुम्ही नियम केला होता: ज्याच्या हातात टेस्टर, त्यानंच बोलायचं. करंट तपासायचा तो पिवळ्या मुठीचा टेस्टर या हातातून त्या हातात फिरायचा. नियम रोज मोडायचा, पण टेस्टर मात्र फिरायचा.

एक रविवार मला स्वच्छ आठवतो. मी डबा ठेवतेय, आणि कापडवाले टेस्टर उगारून बोलत आहेत. इंटरनेटचा नवा कायदा झाला होता आणि पोलीस ठाण्यातून त्यांना बोलावणं आलं होतं.

"गिऱ्हाइकानं काय पाह्यलं, त्याचा जाब मले काऊन? मी का एकेकाच्या मानेवरून डोकावत बसू?"

"वही ठेवजो," काका म्हणाले. "आल्या-गेल्याचं नाव, पत्ता, लिहून घेजो."

"ठेवली ना जी वही! काल एकानं नावाच्या जागी लिहिलं, जिल्हाधिकारी, वर्धा. वरतून सही बी केली."

तुम्ही एवढे हसलात की तुमचा चष्मा उघड्या मशीनमध्ये पडला. मग टेस्टर काकांकडे गेला आणि त्यांचा नेहमीचा विषय सुरू झाला, ती बडी अमेरिकन कंपनी, जिच्या सॉफ्टवेअरवाचून वर्ध्यात एक मशीन चालत नव्हती. "साऱ्या दुनियेनं एकाच्याच हातून काऊन घ्यावं? उद्या त्यानं नाई म्हटलं तं?" कापडवाले म्हणाले, "पडद्यावर ओळखीचं चित्र दिसलं नाई तं गिऱ्हाईक उठून जाते, काका. तुमची मक्तेदारी तुम्ही पाहा." तेव्हा मी न विचारता मध्ये बोलले. मी म्हटलं, तुम्ही तिघंही ज्या सीड्या वापरता त्या नक्कल केलेल्या आहेत. ती चोरी आहे. आधी ती बंद करा, मग कंपनीला नावं ठेवा. टेस्टर माझ्या हातात नव्हता. कापडवाले म्हणाले, "घ्या! म्याडमनं छापा टाकला." तुम्ही मात्र हसला नाहीत. "पोरगी बरोबर बोलते," एवढंच म्हणालात.

आणि पुढच्याच महिन्यात तुम्ही स्वतःच्या मशीनमधलं ते नक्कल केलेलं सॉफ्टवेअर पुसून टाकलंत. काकांनी नागपूरहून आणलेलं फुकटचं, कोणाच्याही मालकीचं नसलेलं सॉफ्टवेअर त्यावर चढवलंत. माझ्या एका फटकाऱ्यावरून. त्यासाठी नागपूरच्या सीताबर्डीतून एक जुनी, वापरलेली डिस्क घेतलीत. त्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी उमटायचं, त्याचं तुम्हाला भारी कौतुक. एका बोटानं टायपत तुम्ही त्यात बिघाडाची वही लिहायला घेतलीत. दुकानात आलेल्या प्रत्येक मशीनचं दुखणं आणि त्यावरचा इलाज, तुमच्या बोलीत. इंग्रजी पुस्तकं ज्यांना वाचता येत नाहीत त्या गावोगावच्या मेकॅनिकांसाठी. मी खांद्यावरून वाचायची. "मशीन तीन डाव टीं टीं करते अन् पडदा काळाच राह्यते, तं रॅम काढून खोडरबरानं पुसजो." "जिनिंगजवळची मशीन आपोआप बंद पडते, तं पयले पंख्यातला कापूस काढजो." कारंज्याच्या ढाब्यावरून आलेल्या मशीनवर तर अख्खं पान होतं, फोडणीचं तेल बोर्डावर बसतं ते कसं काढायचं याचं. मी म्हटलं, "बाबा, पुसजो नाही, पुसावे. कोणी शिकलेला माणूस वाचेल तर काय म्हणेल?" तुम्ही म्हणालात, "शिकलेल्यासाठी नाईच लिहून राह्यलो मी." दोन वर्षं लिहीत होतात. काका सांगत, एक सीडी करून ठेवा, माझ्या घरी राहील. तुम्ही म्हणायचात, पुरी होऊ द्या, अर्धवट काम मी कोणाले देत नाई.

मग आमच्या कॉलेजचा कॉम्प्युटर कोर्स आला. मान्यतेसाठी तपासणी होणार होती, दहा मशीन हव्या होत्या आणि कॉलेजकडे नऊ होत्या. कोर्स माझ्याकडे होता. मी तुमची मशीन दोन दिवसांसाठी मागितली. तुम्ही स्वतः रिक्षात माझ्याशेजारी बसून, मांडीवर धरून ती पोचवलीत. जाताना म्हणालात, "तशीच दाखवजो. आतलं हलवू नको, माय."

तपासणीच्या आदल्या दुपारी मी दहाही मशीन सुरू केल्या. नऊ पडद्यांवर सारखं चित्र, दहाव्यावर तुमची वही. उघडीच. मोठ्या अक्षरांत, "उंदरानं वायर कुरतडली तं". मी कोर्ससाठी कंपनीची अस्सल सीडी घेतलेली होती, परवान्यासकट, आणि त्याचा मला अभिमान होता. ती तुमच्या मशीनमध्ये घातली. थोड्या वेळानं पडद्यावर प्रश्न आला: या डिस्कवरची जागा ओळखता येत नाही, ती नव्यानं आखायची का? मी हो केलं. पुढे आणखी एकदा विचारलं. पुन्हा हो केलं. तपासणी उत्तम झाली.

मशीन परत आली तेव्हा मी तुमच्यासोबत दुकानात होते. तुम्ही ती सुरू केलीत, पडद्याकडे पाहिलंत, आणि पाहतच राहिलात. मी घाईघाईनं म्हटलं, "डिस्क खराब झाली होती, बाबा. सुरूच होईना. मग मी आमची सीडी टाकून पाहिली, तेव्हा कुठे चालली." तुम्ही कॅबिनेट उघडलंत, लाकडी मुठीचा मोठा स्क्रू ड्रायव्हर घेतलात, त्याचं टोक फिरत्या डिस्कवर टेकवलंत आणि मूठ कानाला लावलीत. अशीच तुम्ही आधी टेपरेकॉर्डरची मोटर ऐकायचात. डोळे मिटून बराच वेळ ऐकलंत.

"आवाज तं बरोबर हाये," तुम्ही म्हणालात.

आणि माझ्याकडे पाहिलंत. रागानं नाही. मी सांगावं म्हणून थांबल्यासारखं. मी म्हटलं, "आवाजावरून काय कळतं, बाबा? तो रेडिओचा जमाना होता. आता नाही असं चालत." वर्गातल्या ढ मुलीला बोलते त्याच आवाजात. तुम्ही स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवलात. "माहीच चुकी," म्हणालात, "जुनी डिस्क घेतली."

त्या रविवारी काका मला बाहेर पायरीवर घेऊन गेले. म्हणाले, "डिस्क मेली असंन तं उपाय नाई. पण चांगली डिस्क कोणी चुकून पुसली असंन तं नागपुरात एक जण हाये, बरंचसं काढून देते. पण लवकर न्या लागते, वरतून नवं लिहिण्याच्या आत. बाई, नेमकं काय झालं?" तेव्हा अजून वेळ होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, "डिस्कच गेली होती, काका." आत कापडवाले तुमची गंमत करत होते, "साऱ्या जिल्ह्याले सांगते, जुना माल घेऊ नका, अन् सोता सीताबर्डीतून भंगार आणते!" एरवी तुम्ही त्यांना दोन ऐकवल्या असत्या. तुम्ही हसलात. टेस्टर तुमच्याकडे आला तेव्हा न बोलता पुढे दिलात. त्यानंतर मी तुम्हाला कुठल्याच गोष्टीवर हमरीतुमरीवर येऊन वाद घालताना पाहिलं नाही. काकांनी नवी डिस्क आणून दिली, तिच्यावर तुम्ही चार-पाच नोंदी केल्यात, सगळ्या सोप्या. बाकीच्या आठवत नाहीत म्हणालात. ती आठवण माझ्यामुळे गेली असं नाही. वय झालं होतं. पण वही होती ती त्याचसाठी ना. दीड वर्षानं तुम्ही गेलात. शेवटच्या दिवसांतही दुकानात कोणी जुना माल आणला की म्हणायचात, माझ्यावरून अक्कल घ्या, मी फसलो.

मी त्या वर्षांत आणि नंतरही मुलींना प्रामाणिकपणावर पुष्कळ बोलले. नक्कल करणाऱ्या किती जणींना वर्गाबाहेर काढलं. निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांनी माझ्या कडक शिस्तीचं कौतुक केलं, आणि मी मान डोलवत ऐकत बसले.

परवा शेजारच्या घरात एक कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला होता. त्याच्याकडून तुमची डिस्क जोडून घेतली. आत अजून आमच्या कॉलेजचं सॉफ्टवेअर आहे, त्या दुपारचं. मी त्याच्या पेटीतला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मूठ कानाला लावली. तो माझ्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांनंतरही एकसारखा, मऊ आवाज. तो म्हणाला, "म्याडम, डिस्क एकदम चांगली हाये. यातलं जुनं काही पाह्यजे का? काहीतरी निघंन." मी म्हटलं, नको. काय निघालं असतं कोण जाणे. पण काही निघालं असतं तर तो म्हणाला असता, हे कोणीतरी पुसलंय, आणि ते मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

हे पत्र डिस्कसोबत त्याच रुमालात ठेवणार आहे. पाठवायचं कुठे? पण एक राहिलं. आतापर्यंत मी स्वतःला सांगत आले की पडद्यावरच्या प्रश्नाचा अर्थ मला कळला नाही, घाईत होते. तसं नाही. वही सुरू केल्यावर एका रविवारी तुम्हीच टेस्टर नाचवत सांगितलं होतं, "त्या कंपनीच्या सीडीले माही डिस्क दाखवा, ते म्हंते, ओळखत नाई, खाली समजून आखू का? एवढं लिहिलेलं हाये त्यावर, अन् ते म्हंते ओळखत नाई!" आणि काका म्हणाले होते, "यालेच म्हंते मक्तेदारी." मी तिथेच डब्याचं झाकण काढत होते. बटणावर बोट असताना मला हे सगळं आठवलं, बाबा. मला एवढंच वाटलं, की बाबांची वहीच तर आहे.