चुलीशेजारचे मासे

ब्रेमेन, ३ मार्च १९०९

प्रिय हेन्रिके,

अनेक आशीर्वाद. तीन वर्षांनी बापाचं अक्षर बघून घाबरू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत. नदीवरचा बर्फ गेला. बँक नेहमीसारखी चालली आहे, आणि मी दिवाणखान्यात आणखी एक जुनी डच गाय टांगली, अर्थात चित्रातली. तुझी आई म्हणते, आता चारा-पाण्याचं तेवढं बघा.

बातमी मेटाबाईची आहे. कलामंडळ वर्षभर चित्रं विकत घेतं आणि नाताळात सभासदांना सोडतीने वाटतं, हे तुला ठाऊकच. गेल्या वर्षी मी तिला सभासद करून घेतलं. वीस वर्षं आपलं स्वयंपाकघर सांभाळते, तिलाही जरा गंमत. तर नेमकं तिलाच चित्र लागलं. निळ्या ताटात तीन हेरिंग मासे. चित्रकार एच. टीट्येन, म्युनिक.

आईचं माहेरचं आडनाव घेतलंस, बरं केलंस.

ते चित्र आता चुलीशेजारी असतं, म्हणून मी सकाळची कॉफी तिथेच पितो. बदल्यात माझी सगळ्यात चांगली गाय देऊ केली, तर कांदा चिरता चिरता मेटाबाई म्हणाली, "मालक, तुमची गाय बघून माझ्या हातून स्वयंपाक व्हायचा नाही. आणि मासे एवढे आवडलेत, तर समितीत नको का म्हणालात?"

तिला कुणी सांगितलं कोण जाणे. पण खरं आहे ते. मंडळाच्या खरेदी-समितीतल्या सहा जणांत मी एकटा विरोधात होतो. रंग कच्चे आहेत म्हणालो. खोटं बोललो. ताटाची कड बघताच तुझा हात ओळखला होता, आणि ओळखला म्हणूनच नको म्हणालो. 'चित्रं विकत घ्यायची असतात, काढायची नसतात,' असं सुनावून तुला घरातून जाऊ दिलं होतं. माझं ते चुकलं, हे चारचौघांत दिसू नये, एवढ्यासाठी सगळं. फार लाज वाटते, पोरी.

येत्या बुधवारी तुझं दुसरं चित्र समितीपुढे येतंय. या वेळी मी उभा राहून सांगणार आहे, "ही माझी मुलगी आहे, त्यामुळे मला मत देता येणार नाही." मग बाहेर बाकावर जाऊन बसेन. ते चित्र घेवोत न घेवोत, संध्याकाळपर्यंत गावभर झालेलं असेल.

त्यानंतर ईस्टरला घरी येशील का? नाही आलीस, तरी बुधवारी मी बोलणार ते बोलणारच.

चित्रकार हेन्रिकेचा बाप,
लेब्रेख्त ओलेनडॉर्फ