चार नंबरचा तुकडा

सोलापूर,
११ फेब्रुवारी २०२६

प्रिय धम्मा,

दोन वर्षांनी माझं पत्र बघून तुझ्या कपाळाला आठी पडेल. पडू दे, पण फाडू नकोस. जेऊरच्या शाळेत विज्ञान शिकवतेस असं कळलं, म्हणून तिथल्याच पत्त्यावर लिहितेय. घाईत लिहितेय, त्यामुळे अक्षर कोंबडीचे पाय झालंय.

आज प्रयोगशाळेतलं कपाट आवरताना तुझी वही हाती लागली. आठवतं ना, दोन आरशांच्या मध्ये अर्धवाहकाचा केसाहून कितीतरी बारीक थर द्यायचा आणि त्यात उजेड कोंडायचा. उजेडाची आणि त्या थराची गट्टी जमली, तर परत येणाऱ्या उजेडाच्या आलेखातला एक खड्डा फुटून दोन होतात. असे थर दिलेल्या तुझ्या बारा तुकड्यांपैकी एकात तुला ते दोन दिसले होते. तू गावी गेलेली असताना आपल्या गाईड सरांनी मला खात्री करायला सांगितलं. मी तुझ्या वहीतला नंबर बघून डब्यातला आठवा तुकडा लावला. एकच खड्डा आला. तू आलेख खोटा रचलास असं ठरलं आणि तुझी पीएचडी तिथंच संपली. निघताना दारात थांबून तू एवढंच विचारलंस, "दाक्षे, माझाच तुकडा लावला हुतास की?" मी "व्हय" म्हणाले.

आज त्याच पानावरची तारीख वाचली आणि मी चमकले. साल दिसत होतं २०२८. अगं, ते अजून उजाडायचंय! तू घाईत आकडे मराठीत लिहायचीस आणि तुझ्या चारचं तोंड वर मिटायचं, की तो थेट इंग्रजी 8 दिसायचा. डब्यावरचे आकडे इंग्रजी, आणि मी दुधनीच्या कन्नड शाळेतली, मराठी आकड्यांची सवय नसलेली. तुझ्या चारला मी आठ वाचलं होतं, धम्मा. लगेच चौथा तुकडा लावला. दोन खड्डे! तुकडा कितीही कलवला तरी ते जवळ येतात, पण एकमेकांना ओलांडत नाहीत, अगदी तू काढले होतेस तसेच. 

आकडा चुकला, ते एक वेळ सोड. पण तेव्हा वही पुन्हा बघावी असं मला वाटलं होतं. माझ्या तुकड्यांत काहीच निघत नव्हतं, तुझ्यातही निघालं नाही याचं बरं वाटलं, आणि मी वही मिटली. तरी दारात तुला "व्हय" म्हणाले. हे सगळं आज सरांना लिहून दिलंय. वाचून झाल्यावर ते म्हणाले, तिला बोलाव. म्हणून हे पत्र. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ये, आणि तुझा तुकडा तुझ्या हाताने लाव. डब्यावर मी आता अक्षरांत लिहिलंय, चार.

तुझीच, तू म्हणशील तर,
दाक्षायणी