दोन-चार दिवसांत सोडतील

ता. ६ ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला इथे फोन ठेवू देत नाहीत, म्हणून नर्सबाईंकडून कागद मागून घेतला. उताणं पडून लिहितोय, अक्षराला हसू नकोस. मानेतल्या नळीतून रक्तदाब धरून ठेवणारं औषध अहोरात्र चालू आहे. ते जरा कमी केलं की दाब कोसळतो, हातपाय गार पडतात, धाप लागते आणि डॉक्टर पुन्हा होतं तिथे आणून ठेवतात. औषधानेच जगवलंय आणि औषधानेच खाटेला बांधलंय. कुशीवर वळायलाही परवानगी लागते. जीव मेटाकुटीला आलाय.

आता कामाचं. सुटका कधी म्हणून विचारलं की डॉक्टर म्हणतात, दोन-चार दिवसांत. नर्सबाई तेच म्हणतात. काल झाडणाऱ्या मावशींनी तर न विचारताच तेच सांगितलं! एवढी माणसं एका सुरात बोलतात म्हणजे कुणीतरी तालीम घेतलेली असणार. मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. आत माणसं अडकली की आमचा एकच नियम: दाराला तोंड लावून आधी खरं सांगायचं. तास लागणार असेल तर तास. झालंच, पाच मिनिटं, असं म्हटलं की सहाव्या मिनिटाला आतली माणसं दार ओढायला लागतात आणि बोटं चिरडून घेतात.

चिरंजीव तुला सगळं लिहीत असणार. तू तरी खरं कळव. उत्तर नर्सबाईंच्या नावे पाठव, त्याच्या हाती नको. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. ७ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

झटक्यात बाबांच्या हृदयाचा मोठा भाग निकामी झाला. नंतर रक्तदाब कोसळून आलेल्या शॉकमधून ते वाचले हेच खूप, असं डॉक्टर म्हणतात. पण उरलेलं हृदय औषधाशिवाय रक्त फिरवू शकत नाही. मूत्रपिंडंही थकली आहेत, त्यामुळे हृदयाला पंप जोडणं किंवा हृदय बदलणं, दोन्ही वाटा बंद. आता एक तर असंच इथे राहायचं, नाहीतर छोट्या यंत्रावर औषध चालू ठेवून, रोज नर्स बोलावून घरी न्यायचं. घरी मोजके आठवडे मिळतील, कदाचित तेही नाहीत.

निर्णय बाबांनी घ्यायचा आहे आणि मी त्यांना काही सांगितलेलंच नाही. डॉक्टरांना हात जोडून थांबवलंय, पण सोमवारी ते स्वतः बोलणार आहेत. झाडणाऱ्या मावशींनाही पढवून ठेवलंय. बाहेर रडायचं, तोंड पुसायचं आणि हसत आत जायचं, हेच चाललंय. बाबांनी विचारलं तर तूही दोन-चार दिवसच लिही. माझी शपथ आहे.

माया असू दे.

तुझा भाचा

ता. ९ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आणि तुझ्या लेकाचं, दोन्ही एकदमच आली. एक म्हणतो सांग, दुसरा शपथ घालतो. मी अगदी अडकित्त्यात सापडले. पण तुला मी कडेवर वाढवलंय, तुझ्याशी खोटं बोलायला हात धजेना.

तर ऐक. ते औषध सुटणार नाही. पंप बसवता येत नाही, हृदय बदलता येत नाही.

एवढं लिहून तोंड धुऊन आले. तिथे राहिलास तर दिवस थोडे जास्त, पण त्याच खाटेवर. घरी औषध सोबत असेल, रोज नर्स येईल, पण दिवस थोडे, त्याचीही हमी नाही. निवड तुझी. मला विचारू नकोस, मला तू हवा आहेस, एवढंच मला कळतं. लेकावर मात्र डाफरू नकोस. तुझ्यावरच गेलाय, हट्टी. तुला कळलंय हे त्याला मी कळवलेलं नाही, ते तुझं तू बघ.

तुझीच,
अक्का

ता. ११ ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आधी राग आला, मग भीती वाटली. भिंतीकडे वळून रडलो, तेही परवानगी काढून.

संध्याकाळी चिरंजीव आला आणि नेहमीचं सुरू करणार, तेवढ्यात मीच विचारलं, की घरी माझी खाट कुठे टाकणार. तो माझं पांघरूण सारखं करायला लागला. मी म्हटलं, दारासमोर टाक, येणारं-जाणारं माणूस दिसेल. तेव्हा त्याला कळलं. माझ्या खांद्यावर डोकं टेकून लहानपणी रडायचा तसा रडला. यंत्र ओरडायला लागलं, नर्सबाई धावत आल्या. मी त्यांना हातानेच थांबवलं आणि त्याला रडू दिलं. डॉक्टरांनाही माझा निर्णय सांगितला.

परवा घरी नेतील. तुझे गुडघे मला ठाऊक आहेत, तरी ये. चिरंजीव गाडी घेऊन येईल. दरवेळी लिहितो तसं सावकाश ये असं या वेळी लिहीत नाही.

तुझा,
धाकटा